'बुलिट' की 'द फ्रेंच कनेक्शन': एकच पाठलाग बघायचा असेल तर

गाड्यांच्या पाठलागाचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून या दोन चित्रपटांवर येतं. 'बुलिट' १९६८चा, 'द फ्रेंच कनेक्शन' १९७१चा. दोन्हींचा निर्माता एकच, फिलिप डी'अँटनी, आणि दुसऱ्याच्या वेळी पहिल्यापेक्षा सरस पाठलाग हवा हा त्याचाच हट्ट होता. 'बुलिट'मध्ये काळी डॉज चार्जर चालवणारा चष्मेवाला मारेकरी म्हणजे बिल हिकमन. पुढे 'द फ्रेंच कनेक्शन'मध्ये नायक जीन हॅकमनच्या जागी पोंटिॲक भरधाव सोडणाराही तोच. संकलनाचं ऑस्कर दोन्ही चित्रपटांना मिळालं. म्हणजे गाडी कोण चांगली चालवतो यावरून निकाल लागायचा नाही.

'बुलिट'ची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पाठलाग सुरू होण्याआधीची मिनिटं मला प्रत्यक्ष पाठलागाहूनही प्रिय आहेत. मारेकरी स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगच्या मागे असतात, मध्येच ती दिसेनाशी होते, आणि मग त्यांच्याच आरशात ती मागून येताना दिसते. सावज कोण आणि शिकारी कोण, हे एका आरशात उलटतं. हिकमन शांतपणे सीटबेल्ट लावतो, लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं आणि पुढची कितीतरी मिनिटं फक्त इंजिनं बोलतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून गाड्या हवेत उडतात आणि आपटतात, तेव्हा पोटात गोळा येतो. मोठा पडदा आणि बरे स्पीकर असतील तर या आवाजाला तोड नाही. फोनवर मात्र हा पाठलाग निम्मा होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

मग अडतं कुठे? एका हिरव्या फोक्सवॅगन बीटलपाशी.

उतारावर मस्टँग आणि चार्जर एका हिरव्या बीटलला मागे टाकतात. थोड्या वेळाने पुन्हा तीच बीटल, आणि नंतर पुन्हा. कारण सरळ आहे. एकच धाव अनेक कॅमेऱ्यांनी टिपली आणि संकलनात ती वेगवेगळ्या रस्त्यांवरच्या वेगवेगळ्या धावा असल्यासारखी जोडली. चार्जरच्या व्हीलकॅपचंही तसंच, चार चाकांच्या गाडीची चाराहून जास्त झाकणं उडताना दिसतात. व्हीलकॅप मी सोडून देतो, ती तपशिलातली चूक आहे. बीटलचं तसं नाही. पाठलाग बघताना आपण मनातल्या मनात अंतर मोजत असतो: कोण किती मागे आहे, पुढे वळण कुठे आहे, आता किती उरलं. बीटल परत दिसली की हा हिशेब मोडतो, कारण गाड्या पुढे सरकलेल्याच नसतात. एकदा हे ध्यानात आलं की पुढच्या प्रत्येक वेळी माझी नजर मॅक्वीनला सोडून तिलाच शोधते. अनेकांना ती कधी दिसलीही नसेल, आणि न दिसल्यास त्यांच्या आनंदात काही कमी नाही. मला मात्र तिच्यापुढे जाता येत नाही.

'द फ्रेंच कनेक्शन'मध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. वर लोखंडी खांबांवरून आगगाडी चाललेली, तिच्यात मारेकरी आणि खाली ब्रुकलिनच्या रस्त्यावर पोलीस पॉपाय डॉइलने (म्हणजे हॅकमनने) एका वाटसरूकडून हिसकावलेली पोंटिॲक. वरच्या गाडीला रूळ सोडता येत नाहीत आणि खालच्याला ते नजरेआड होऊ देता येत नाहीत. पुढच्या स्टेशनला डॉइल जिन्याकडे धावतो, आगगाडी न थांबता निघून जाते आणि तो पुन्हा चाकामागे. कुठे आहोत आणि किती उरलंय, हे प्रेक्षकाला विचारावंच लागत नाही. बंपरवरच्या कॅमेऱ्यातून खांब अंगावर येतात, त्यांच्या सावल्या काचेवरून सपासप जातात. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखालून गाडी हाकताना हे थोडंफार जाणवतं, तेही ताशी तीस किलोमीटरच्या वेगात.

आणि हॅकमनचा चेहरा. मॅक्वीन थंड डोक्याने गाडी चालवतो आणि ते देखणं दिसतं. हॅकमन ओरडतो, हॉर्न बडवतो, स्टिअरिंगवर हात आपटतो. पाठलागात माणसाचं काय होतं, ते मला इथे जास्त कळतं.

एक गोष्ट 'बुलिट'च्या पारड्यात प्रामाणिकपणे टाकायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोतलं चित्रीकरण शहराच्या सहकार्याने झालं. ब्रुकलिनमध्ये काही भाग परवानगीविना, खऱ्या वाहतुकीत झाला. बाकीच्यांना बायकामुलं आहेत म्हणून दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन स्वतः मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसला होता. चौकातली एक टक्कर ठरलेली नव्हती, ती तशीच चित्रपटात राहिली. आपण लोकांचे जीव धोक्यात घातले आणि पुन्हा असं करणार नाही, हे फ्रीडकिनने पुढे स्वतःच सांगितलं. हे ठाऊक झाल्यावर तो पाठलाग निव्वळ मजेने बघता येत नाही, आणि या कारणासाठी कोणी 'बुलिट' निवडला तर मी वाद घालणार नाही.

गाड्यांवर जीव असेल, इंजिनाचा आवाज ऐकून अंगावर काटा येत असेल, तर 'बुलिट' घ्या. दोन्ही बघायचे असतील तरी तोच आधी, कारण उलट्या क्रमाने तो संथ वाटण्याचा संभव आहे. पण एकच संध्याकाळ असेल आणि जीव मुठीत धरून बसायचं असेल, तर माझा कौल 'द फ्रेंच कनेक्शन'ला. फक्त यूट्यूबवर पाठलागाचा तुकडा काढून बघू नका. डॉइल किती हट्टी आहे हे आधीच्या तासाभरात अंगात मुरावं लागतं. त्याशिवाय तो आगगाडीमागे असा का लागतो, हे उमगत नाही.