मॉर्मन जगाची पुस्तकं: आधी कोणतं उघडावं?

भाचीला अमेरिकेत, युटात नोकरी लागली. कागदपत्रं हातात पडली त्या रात्री तिचा पहिला प्रश्न घरभाड्याचा नव्हता, बर्फाचाही नव्हता. "मावशी, ते मॉर्मन म्हणजे चार-चार बायकांवाले ना? एखादं पुस्तक सांग. एकच हं, वेळ नाहीये."

एकच सांगणं मला जमेना. मी तिथे चार वर्षं काढली आहेत आणि त्या काळात या विषयावरची पुस्तकं घरात साठत गेली. पण त्यांतल्या निम्म्या पुस्तकांतले मॉर्मन मला तिथे कधी भेटलेच नाहीत. तेव्हा आधी तो घोळ निस्तरू.

मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मुख्य चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्ये जाहीरपणे सोडलं आणि १९०४ मध्ये पुन्हा एकदा बजावलं. आज तिथे कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. ज्यांना हे पटलं नाही ते फुटून निघाले. त्यांतला सगळ्यात गाजलेला पंथ एफएलडीएस, युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या शॉर्ट क्रीक भागातला. माझी शेजारीण मुख्य चर्चची. मुलं पाच, नवरा एक, आणि त्या नवऱ्याला बायकोही एकच. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी सवयीने आलं ठेचून चहा टाकला. तिने कपाकडे पाहिलं, हसली आणि पाणी मागितलं. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. मग वेलदोडा घातलेलं गरम दूध चाललं आणि पुढे चारही वर्षं तेच चाललं. (आणि हो, २०१८ पासून चर्चने 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या असं सांगितलंय. पूर्ण नाव एवढं लांब आहे की मी इथे मॉर्मनच म्हणणार.)

दुकानात या विषयावरचं म्हणून हमखास हाती पडतं ते जॉन क्राकाउरचं 'अंडर द बॅनर ऑफ हेवन', २००३ चं. एव्हरेस्टवरच्या १९९६ च्या दुर्घटनेवर लिहिणारा तोच हा, त्यामुळे ट्रेकवाल्या मंडळींना नाव ओळखीचं असेल. २४ जुलै १८४७ ला मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग आपल्या लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला, म्हणून २४ जुलै हा युटातला मोठा सण. १९८४ मध्ये नेमक्या त्याच दिवशी अमेरिकन फोर्क या गावात ब्रेंडा लॅफर्टी ही चोवीस वर्षांची तरुणी आणि तिची पंधरा महिन्यांची मुलगी यांचा खून झाला. मारणारे तिचेच दोन दीर, रॉन आणि डॅन. देवाने तसं सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. क्राकाउर डॅनला तुरुंगात जाऊन भेटतो आणि तो माणूस सगळं हकिगत सांगावी तशा थंडपणे सांगतो. तो भाग वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं.

पुस्तक हातातून सुटत नाही, यात वाद नाही. त्याचा मुद्दाही खरा आहे: जो धर्म म्हणतो की देव आजही माणसाशी बोलतो, त्यात उद्या कुणीही उठून म्हणू शकतो की माझ्याशीही बोलला. मग त्याला अडवायचं कोणत्या तोंडाने? पण खुनाची गोष्ट आणि दीडशे वर्षांचा इतिहास तो आलटून पालटून सांगतो, आणि या विणकामाचा एक दुष्परिणाम होतो. इतिहासातलं प्रत्येक पान त्या खुनाकडेच जात होतं असं वाटायला लागतं. रॉन आणि डॅन दोघांनाही चर्चने खुनाआधीच काढून टाकलं होतं. क्राकाउर हे लपवत नाही, पण पुस्तक संपल्यावर वाचकाच्या लक्षात ते राहत नाही. चर्चनेही पुस्तकावर जाहीर आक्षेप घेतले होते, आणि त्यांतले सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत.

हे पुस्तक मी तिथे असताना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं, शाळेच्या वहीला घालतो तसं. उगाच शेजारणीला वाईट नको वाटायला. तिने एकदा ते सोफ्यावर पाहिलंच, सहज उघडलं आणि म्हणाली, "हे माझं वाचून झालंय. वानिटा वाचलंस का?" दुसऱ्या दिवशी पावाच्या लादीबरोबर ते पुस्तकही घेऊन आली.

वानिटा ब्रुक्सचं 'द माउंटन मेडोज मॅसेकर' १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. विषय एकच: ११ सप्टेंबर १८५७. अमेरिकेचं सैन्य युटावर चाल करून येत होतं, सगळा प्रदेश धास्तावलेला. त्यात आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाकडे निघालेला एक तांडा दक्षिण युटातून जात होता. स्थानिक मॉर्मन लष्कराने तिथल्या पायूट या आदिवासी जमातीतल्या काही लोकांना हाताशी धरून त्याला वेढा घातला. मग पांढरं निशाण दाखवून शस्त्रं खाली ठेवायला लावली, सुखरूप नेतो म्हणून बाहेर काढलं आणि सुमारे १२० माणसं मारली. सतरा लहान मुलं तेवढी वाचली. तांड्याला जाऊ द्या, असा ब्रिगहॅम यंगचा निरोप घेऊन घोडेस्वार पोचला तो दोन दिवसांनी. शिक्षा झाली एकालाच, जॉन डी. लीला. १८७७ मध्ये त्याला त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या.

क्राकाउरच्या पुस्तकातही हे हत्याकांड आहे, म्हणून ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. क्राकाउर बाहेरून येतो. ब्रुक्स त्याच मातीतली. तिचे आजोबा त्या काळात त्याच भागात राहणारे, आणि त्यांचंही नाव या प्रकरणाशी जोडलेलं. १९१९ च्या सुमारास ती तरुण शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाचे एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे आले. डोळ्यांनी जे पाहिलं ते जिभेने कधी सांगितलं नाही, आता मरण्याआधी ते लिहून घे, असं म्हणाले. ती म्हणाली, शाळेला सुट्टी लागली की येते. गेली तेव्हा ते अखेरच्या घटका मोजत होते आणि भ्रमात रक्त, रक्त म्हणून ओरडत होते. जॉन्सन हत्याकांडाच्या वेळी तिथे हजर होते, हे तिला नंतर कळलं. ती सुट्टी तिला आयुष्यभर टोचत राहिली आणि पुस्तक त्या टोचणीतून आलं. ती सेंट जॉर्जमध्ये संसार, मुलं सांभाळून लिहायची. सांगतात की इस्त्रीचे कपडे जवळच ठेवलेले असायचे, कुणी दारात आलं की टाइपरायटरवर पडायचे.

वाचायला हे पुस्तक क्राकाउरपेक्षा कोरडं आहे. पत्रं, जबान्या, तारखा. पण ती कुणाला राक्षस ठरवत नाही आणि कुणाला सोडतही नाही. दोष एकट्या पायूटांवर आणि एकट्या लीवर ढकलून सगळे मोकळे झाले होते, ते तिने होऊ दिलं नाही. चर्चने तिला काढलं नाही, तिनेही चर्च सोडलं नाही. आतल्या माणसाने, रविवारी ज्यांच्या शेजारी बसायचं त्यांच्याविषयी लिहिलेलं पुस्तक कसं असतं, ते बघायचं तर हे. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत पहिला मान याचा.

आता आठवणींची दोन. टॅरा वेस्टोव्हरचं 'एज्युकेटेड' (२०१८) आणि कॅरोलिन जेसपचं 'एस्केप' (२००७). दुकानात ही जोडीने ठेवलेली दिसतात, दोन्हींत मुलगी घर सोडते म्हणून. साम्य तिथेच संपतं.

जेसप एफएलडीएसमध्येच जन्मली. अठराव्या वर्षी पन्नाशीच्या माणसाची चौथी बायको झाली, आठ मुलं झाली. एप्रिल २००३ मध्ये एका रात्री आठही मुलांना घेऊन पळाली, जवळ वीस डॉलर. मुलांतला एक इतका आजारी की त्याला हलवणंच अवघड. त्या पंथात बायकांना शिकवलेला मंत्र 'कीप स्वीट', म्हणजे काही झालं तरी गोड राहा. सवतींच्या घरातलं राजकारण, कोणत्या बायकोकडे स्वयंपाकघराची सत्ता, कुणाच्या मुलांना कमी मिळतं, हे सगळं ती बारकाव्याने सांगते. आपल्याकडच्या वाड्यातल्या गोष्टी ऐकलेल्या वाचकाला यातलं बरंच चटकन कळेल. लेखन मात्र सरळसोट आहे, सहलेखिकेच्या मदतीने केलेलं. ती पळाली त्यानंतर या पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स याला २०११ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, ते बातम्यांत वाचलं असेल. या पंथाचं आतलं जग बघायचं असेल तर 'एस्केप' घ्या. ऑफिसातल्या मॉर्मन सहकाऱ्याला समजून घ्यायला घेऊ नका, त्याचं डोकं फिरेल.

'एज्युकेटेड' वेगळ्याच तोलाचं आहे. आयडाहोतल्या डोंगराखाली भंगाराचं अंगण, सरकार आणि डॉक्टर या दोघांवरही विश्वास नसलेला बाप, जडीबुटी करणारी सुईण आई. मुलीच्या जन्माचा दाखला नऊ वर्षांनी झाला. शाळा नाही. सतराव्या वर्षी चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पोचते आणि वर्गात हात वर करून विचारते, होलोकॉस्ट म्हणजे काय. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकातली फक्त चित्रं बघायची नसतात, मजकूरही वाचायचा असतो, हे तिला मैत्रिणीकडून कळतं. पुढे तीच मुलगी केंब्रिजमधून डॉक्टरेट घेते. मला यात सगळ्यात आवडल्या त्या तळटीपा: अमुक अपघात मला असा आठवतो, भावाला तसा आठवतो, त्या वेळी तिथे नक्की कोण होतं यावर आमचं जमत नाही. स्वतःच्या आठवणीवर असा पहारा ठेवणारी लेखिका विरळा. पण हे मॉर्मन धर्मावरचं पुस्तक नाही, असं तिने सुरुवातीलाच लिहिलंय. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात.

संस्थापकाचं काय, असं भाचीने विचारलं नाही, पण काहीजण विचारतात. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये चर्च काढलं आणि १८४४ मध्ये इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने त्याला मारलं. त्याची दोन चरित्रं नावाजलेली, दोन्ही क्नॉफ या एकाच प्रकाशनाची, साठ वर्षांच्या अंतराने. फॉन ब्रोडीचं 'नो मॅन नोज माय हिस्टरी' १९४५ चं. तिचे सख्खे काका चर्चच्या सर्वोच्च मंडळात, पुढे तेच अध्यक्ष झाले. पुस्तकानंतर वर्षभरात तिला चर्चने बाहेर काढलं. रिचर्ड बुशमनचं 'रफ स्टोन रोलिंग' २००५ चं. हा इतिहासाचा नामवंत प्राध्यापक आणि स्वतः श्रद्धाळू मॉर्मन. ब्रोडी कादंबरीसारखी वाचली जाते, पण जोसेफच्या मनात काय चाललं होतं ते तिला जरा जास्तच ठाऊक असतं. बुशमन जाडजूड, सावध, कधीकधी एवढा समतोल की पानभर वाचून त्याला काय वाटतं ते कळू नये. गंमत म्हणजे ब्रोडीने जोसेफच्या अनेक बायकांची यादी छापली तेव्हा केवढा गहजब झाला होता, आणि २०१४ मध्ये चर्चनेच आपल्या लेखात त्या तीस ते चाळीस असाव्यात असं मान्य केलं. टोपीत दगड ठेवून त्यात बघत जोसेफ 'बुक ऑफ मॉर्मन' हा पंथाचा ग्रंथ सांगायचा, त्या दगडाचे फोटोही चर्चने २०१५ मध्ये स्वतःच छापले. दोन्ही वाचायला सवड नसेल तर बुशमन घ्या, आणि प्रत्येक प्रकरणाआधी ब्रोडीची चार पानं चाळा.

ही सगळी पुस्तकं काही ना काही उघडं करतात. एक आहे जे तसं करत नाही. टेरी टेम्पेस्ट विल्यम्सचं 'व्हेन विमेन वेअर बर्ड्स', २०१२ चं. मॉर्मन बायकांनी दोन गोष्टी करायच्या अशी तिथली रीत: मुलं वाढवायची आणि रोजनिशी लिहायची. लेखिकेच्या आईने मरताना सांगितलं, माझ्या सगळ्या रोजनिश्या तुला, पण मी असेपर्यंत उघडू नकोस. आई १९८७ मध्ये कॅन्सरने गेली, वय चोपन्न. मुलीने कपाट उघडलं. कापडी बांधणीच्या वह्या ओळीने लावलेल्या. पहिली कोरी. दुसरी कोरी. सगळ्या कोऱ्या. पुस्तक त्या कोऱ्या पानांभोवती चोपन्न तुकड्यांत फिरतं. काही तुकडे नुसतेच कवितेच्या वाऱ्यावर जातात, ते मी सोडून दिले. पण आईने हे का केलं असेल, याची जी जी उत्तरं ती शोधते, त्यांत माझी शेजारीण मला पहिल्यांदा नीट दिसली. दर सोमवारी संध्याकाळी सगळं घर एकत्र बसवणारी, कुणाच्याही घरी दुःख झालं की बटाट्याची भाजलेली थाळी घेऊन पोचणारी, स्वतःविषयी चार वाक्यांपलीकडे न बोलणारी.

भाचीच्या बॅगेत शेवटी दोन गेली. ब्रुक्स, कारण तिकडच्या गावांची नावं त्यात ओळखीची होतील. आणि कोऱ्या वह्यांचं, विमानात वाचायला. क्राकाउर तिला मी दिलं नाही, त्याच्या समासात माझ्या खुणा आहेत आणि गेलेली पुस्तकं परत येत नाहीत. तिने 'एज्युकेटेड' फोनवर ऐकायला आधीच सुरुवात केली होती. काल रात्री अकराला तिचा फोन आला. मला वाटलं, आता धर्माविषयी काहीतरी विचारणार.

"मावशी, तो भाऊ, शॉन. तो सुधारतो का गं पुढे?"