टोमॅटो-वांग्याची मर: प्रतिकारक वाण, कलमी रोप की ट्रायकोडर्मा?

मुंबईत गच्चीवर किंवा बाल्कनीत टोमॅटो, वांगी लावणाऱ्यांना पावसाळ्यात हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत मान टाकतं. हीच मर. मग जो तो बुरशीनाशकाची बाटली आणायला धावतो. पैसे खर्च करण्याआधी एक ग्लास पाणी घ्या.

मान टाकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्यात उभा, न हलवता धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरले, तर ती जिवाणूजन्य मर. धागे नाहीत, खालची पानं आधी पिवळी पडली होती, अनेकदा एकाच बाजूची, आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात, तर बहुधा फ्युजेरियम बुरशी. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरणारं झाड मात्र उन्हाने किंवा साचलेल्या पाण्याने बेजार असू शकतं. आधी कुंडीची भोकं तपासा.

हा फरक कळला की निवड सोपी होते. फ्युजेरियमचा टोमॅटोवरचा प्रकार वांग्याला धरत नाही, त्यामुळे त्याच मातीत वांगं लावता येतं. जिवाणू मात्र टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, सगळ्यांनाच घेरतो. तिथे मेथी-पालक लावा.

जिवाणूजन्य मरेसाठी माझा कौल स्पष्ट आहे: पैसे रोपावर घाला, औषधावर नको. लागण झालेलं झाड वाचवणारी फवारणी नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे टोमॅटोचं संकरित वाण पर्णगुच्छ (पानं आकसण्याचा रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) या तिन्हींना प्रतिकारक आहे. बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, कारण घरी धरलेल्या बियांतून तेच गुण उतरत नाहीत. वांग्यात त्याच संस्थेची अर्का निधी, अर्का केशव ही वाणं आहेत. प्रतिकारक म्हणजे अभेद्य नव्हे. कुंडीत पाणी तुंबलं तर तीही जातात.

कलमी रोप, म्हणजे रानवांग्याच्या खुंटावर (मुळांसकटच्या खालच्या भागावर) बांधलेलं वांगं, याहून भक्कम. मुळांवर हल्ला करणाऱ्या सूत्रकृमींनाही तोंड देतं. पण महाग, आणि प्रत्येक रोपवाटिकेत मिळत नाही. एकदा मर आलेल्या मातीतच वांगं हवं असेल, तर हेच घ्या. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा. गाडला गेला की वरच्या वांग्यालाच मुळं फुटतात आणि खर्च वाया जातो. खुंटाला आलेले फुटवेही काढत राहा.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, स्वस्त आणि सहज मिळणारा आहे, पण तो बुरशीजन्य मरेसाठी, जिवाणूसाठी नाही. ओलसर शेणखतात मिसळून, आठवडाभर सावलीत ठेवून लागवडीआधी घाला. सोबत कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणी मुळाशी ओतू नका, त्याने ट्रायकोडर्माच मरतो. मर दिसल्यावर टाकून उपयोग फारसा नाही.

माती बदलावी का? पोत्यातून येणारी लाल माती अनेकदा आम्लधर्मी असते, आणि फ्युजेरियमला ती मानवते. ती फेकण्याआधी एप्रिल-मेमध्ये ओली करून गच्चीवर पातळ पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि चार ते सहा आठवडे तापू द्या. बिनखर्चाचं काम आहे, पण जूनच्या आधी संपवा. मेलेलं झाड मुळांसकट पिशवीत बांधून टाका, खतात नको. त्या कुंडीतलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका, आणि खुरपं धुऊनच पुढे वापरा.