लग्नातली नऊवारी: नेसायची की शिवलेली?

सांगलीच्या कापड पेठेत बस्ता बांधायला गेलं की हा वाद हमखास निघतो. शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकला की नवरी तयार. कासोटा सुटायची धास्ती नाही. पण शिवताना साडी बहुधा कापली जाते आणि मग ती त्याच मापाची होऊन बसते. आर्ट सिल्कची असेल तर खुशाल शिवा. हातमागाच्या पैठणीला मात्र कात्री लावायला माझा सरळ विरोध आहे.

नेसायची साडी साधारण सव्वाआठ मीटर. निऱ्या, ओचा, कासोटा नीट बसवणारी जाणती आत्या किंवा मावशी घरात हवी. हल्ली तीच मिळत नाही! नवी जरीची साडी घसरते, म्हणून आदल्या दिवशी एकदा नेसून, पाटावर बसून बघावं. नीट नेसली तर सप्तपदीला चालणं सोपं जातं आणि पुढे तीच साडी बहिणीला, जावेलाही नेसता येते.

शिवणार असाल तर दोन्ही बाजूंना शिलाईत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. लग्नसराईत शिंप्याकडे ऐनवेळी गेलात तर तो दारातूनच परत पाठवेल.