पोटॅशियमची पावडर: जुनी की नवी?

डायलिसिसवर असलेल्या माणसाला पोटॅशियम म्हणजे काय हे सांगत बसत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: किडनी काम करेनाशी झाली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. शहाळं बंद, केळं बंद, 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठाला तर हातही लावायचा नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियमच भरलेलं असतं. बटाटा सोला, बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी ओतून द्या. एवढं करूनही सोमवारच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम सहाच्या वर आलं की डॉक्टर ते उतरवायची पावडर लिहून देतात. ती कोणती घ्यावी, हे मला दोन-तीन जणांनी विचारलं. मी दोन्ही घेतल्या आहेत, म्हणून लिहितो.

माझं डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार. घोळ होतो तो शुक्रवार ते सोमवारच्या मोठ्या गॅपमध्ये. एका वर्षी ऋषिपंचमी नेमकी रविवारी आली. अळू, माठ, सुरण, लाल भोपळा, मका, सगळं एका पातेल्यात. बायको म्हणाली, "चवीपुरती घ्या." मी दोन वाट्या घेतल्या. सोमवारी 6.7. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाच चढतो, म्हणून सिस्टरनी पुन्हा सॅम्पल घेतलं. आकडा तोच. आधी ईसीजी, मग घाईघाईने मशीनवर. तेव्हापासून पावडर मागे लागली.

जुनी म्हणजे कॅल्शियमवाली, पंधरा ग्रॅमची पुडी. आतड्यात कॅल्शियम सोडते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम धरते. नवी म्हणजे झिर्कोनियमवाली. ती पोटॅशियम धरताना सोडियम सोडते. माझी पाच ग्रॅमची आहे आणि डायलिसिस नसलेल्या दिवशीच घ्यायची. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

किमतीत जुनी सरळ जिंकते. आमच्याकडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. नवी मला आगाऊ सांगून मागवावी लागते आणि महिन्याचं बिल बघून बायको काही बोलत नाही, फक्त कागद दोनदा घडी घालून ठेवते.

तरी मी नवीवर गेलो. कारण सांगायला जरा संकोच वाटतो, पण डायलिसिसच्या खुर्च्यांवर आम्ही दुसरं काय बोलतो?

पोट साफ होत नव्हतं.

जुनी पावडर पाण्यात विरघळत नाही. ओल्या वाळूसारखी जिभेवर येते, पेल्याच्या कडेला चिकटते, मग तो पेला विसळून तेही पाणी प्यायचं. मला दिवसाला पाऊण लिटरची मुभा, त्यातलं शंभर-सव्वाशे मिली असं जायचं. तेही चाललं असतं. पण चौथ्या दिवसापासून पोट दगड. आता यावर घरगुती उपाय सांगा. पाणी जास्त प्या? बंदी. अंजीर, मनुका, पपई? सगळ्यात पोटॅशियम. इसबगोल घेतला तर त्याला पेलाभर पाणी हवंच. शेवटी लॅक्टुलोजचं सिरप सुरू झालं, म्हणजे एका औषधासाठी दुसरं औषध. आणि सिरप घेतलं की कधी काय होईल याचा नेम नाही. चार तास सुया टोचून खुर्चीत अडकलेल्या माणसाने तो धोका कसा पत्करायचा? बुधवारी एकदा मशीन मध्येच थांबवावं लागलं. टेक्निशियन समजूतदार, काही बोलला नाही. मीच आठवडाभर त्याच्याकडे बघत नव्हतो.

यातली खरी गोम डॉक्टरांनी नंतर सांगितली. किडनी काम करेनाशी झाली की पोटॅशियम बाहेर टाकायचा बराचसा भार आतड्यावर येतो. म्हणजे पोट तुंबलं की पोटॅशियमही तुंबतं. पावडर एका हाताने काढत होती आणि दुसऱ्या हाताने परत ठेवत होती, निदान माझ्या बाबतीत तरी.

नवीला तीन मोठे चमचे पाणी पुरतं. तीही विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो, पण चव नाही आणि दाताखाली कचकच नाही. ढवळायचं आणि गाळ वर आहे तोवर पिऊन टाकायचं. सोमवारचे आकडे पूर्वी 5.5 ते 6 च्या मध्ये खेळायचे, आता बहुतेक वेळा 5.2 च्या आसपास असतात. अर्थात त्याच सुमारास मी स्टँडवरचा बटाटावडाही सोडला, तेव्हा सगळं श्रेय पुडीला देत नाही.

वेळेचं गणितही सुटलं. जुनीच्या आधी आणि नंतर तीन-तीन तास दुसरी गोळी घ्यायची नाही असं मला सांगितलं होतं. थायरॉइडची, बीपीची, जेवणाबरोबरची फॉस्फरसची, असा दिवसभर घड्याळाशी खेळ. नवीला काही ठरावीक औषधांपुरतंच दोन तासांचं अंतर लागतं. माझ्या यादीतलं त्यात एकच निघालं.

नवीची खोड मात्र लपवणार नाही. पाच ग्रॅममध्ये सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे साधारण एक ग्रॅम मिठाएवढं. पहिल्या महिन्यात तहान वाढली, घोट्यांवर मोज्याचे वळ दिसायला लागले आणि दोन डायलिसिसमधलं वजन थोडं जास्त भरलं. पापड आणि लोणचं पूर्ण सोडल्यावर जमलं. ज्यांचं वजन आधीच तीन-साडेतीन किलो चढतं किंवा ज्यांना दम लागतो, त्यांनी हे डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावं. उलट ज्यांचं कॅल्शियम रिपोर्टमध्ये वर आहे, त्यांना जुनी सहसा देतच नाहीत.

आणि हातपाय गळाले, छातीत धडधडलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर दोन्हीपैकी कुठलीच पुडी फोडत बसू नका. नवी तासाभरात काम सुरू करते म्हणतात, तरी ते काम इंजेक्शनचं आणि मशीनचं आहे. थेट दवाखाना गाठा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे काका तीन वर्षं जुनीवरच आहेत आणि मजेत आहेत. त्यांना अजून दिवसाला अर्धा लिटर लघवी होते, त्यामुळे पाणी माझ्यापेक्षा बरंच जास्त चालतं. पेला विसळून दोनदा पितात आणि वर मलाच विचारतात, "एवढे पैसे कशाला घालवता हो?"