खोल बेससाठी कोणता घ्यावा: आयई ९०० की यू१२टी?

सातपुड्यात काठी गावच्या होळीला मोठ्या ढोलाशेजारी उभं राहिलं की थाप कानाआधी छातीत पोचते. महागडा इअरफोन निवडताना मी तीच थाप शोधतो.

सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा भाग आहे. त्याचा पडदा हवा ढकलतो, म्हणून ढोल भरीव लागतो आणि त्याचा घुमारा क्षणभर रेंगाळतो. अहिराणी लग्नगीतांतली ढोलकी यावर ऐकताना मन भरून येतं.

सिक्स्टी-फोर ऑडिओच्या यू१२टी मध्ये प्रत्येक कानाला १२ बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे चुंबकांमधली इवलीशी पट्टी हलवून आवाज काढणारे. बेस खोल जातो, पण थाप चटकन आवरते. त्यामुळे गजबजलेल्या गाण्यातही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. त्यात बदलता येणारं छोटं मॉड्यूल बसतं; त्यातलं एम२० हे एम१५पेक्षा बाहेरचा आवाज जास्त अडवतं. भुसावळहून रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्याला हे मोलाचं.

किंमत यू१२टीचीच जास्त. निव्वळ बेससाठी मी आयई ९०० घेईन. मात्र इअरटिप, म्हणजे कानात शिरणारं मऊ टोक, घट्ट बसली नाही, तर दोन्हींचा बेस गळून जातो. जळगावच्या मे महिन्यात घामाने ती सरकतेच, तेव्हा आधी फोमची टिप लावून पाहा.