मजकूर फुकट, चिकटपट्ट्या विकत : विकिपीडियावरून पुस्तिका करण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या वाचनालयाने बेळगावची ओळख करून देणारी ३२ पानांची पुस्तिका काढली. तिचा निम्म्याहून अधिक मजकूर मराठी विकिपीडियावरून घेतलेला होता, आणि ५०० प्रती छापून झाल्यानंतर प्रत्येक प्रतीच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ ही मी कधीही न दिलेली ओळ ठळक अक्षरांत छापलेली दिसली. छापखान्याच्या मालकांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ही ओळ सगळ्याच पुस्तकांत असते की वो, सर. आम्ही आपणहून घालतो, तिचे पैसे घेत नाही.” मुद्रिते मी दोनदा तपासली होती, दुसरे पान मात्र एकदाही वाचले नव्हते.

विकिपीडियावरील मजकूर जून २०२३ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०’ या परवान्याखाली मिळतो. तो विक्रीच्या पुस्तकातही वापरता येतो, परंतु मूळ लेखाचे श्रेय द्यावे लागते, परवान्याचा उल्लेख करावा लागतो, फेरफार केला असल्यास तसे सांगावे लागते आणि फेरफार केलेला मजकूर पुढच्या माणसासाठी त्याच अटींवर मोकळा ठेवावा लागतो. छापखान्याने फुकट घातलेल्या ओळीने ही शेवटची अट सरळ नाकारली होती. सुदैवाने ४.० परवान्यात चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास अट मोडल्यामुळे गेलेला वापराचा हक्क आपोआप परत मिळतो, जुन्या ३.० परवान्यात अशी सवलत नव्हती. आम्ही चिकटपट्ट्या छापून घेतल्या आणि तीन रविवार बसून त्या ओळीवर चिकटवल्या. खजिनदारांनी त्याचा खर्च ‘किरकोळ’मध्ये टाकण्यास नकार दिल्यामुळे तो माझ्या खिशातून गेला.

तरीही माझी पहिली तक्रार परवान्याविषयी नव्हती, तर लेखाच्या पत्त्याविषयी होती. छापील पुस्तकात श्रेय देण्याचा सोपा मार्ग म्हणजे लेखाचा संकेतस्थळावरील पत्ता छापणे. ब्राउझरमध्ये तो स्वच्छ देवनागरीत दिसतो, परंतु तेथून उचलून पानावर चिकटवला की त्यातील प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची नऊ चिन्हे येतात. नुसता ‘बेळगाव’ हा शब्द काना-मात्रा धरून सहा चिन्हांचा आहे. त्याची अशी ५४ चिन्हे होतात. आमच्या श्रेयनामावलीत एकूण अकरा लेख होते. ते पान एखाद्या गुप्त संदेशासारखे दिसू लागले आणि मी अनेक दिवस विकिपीडियाला दोष देत राहिलो.

पुढे मत बदलावे लागले. ही सांकेतिक रूपे विकिपीडियाची करामत नसून आंतरजालावरील पत्त्यांच्या जुन्या नियमाचा परिणाम आहेत, आणि देवनागरीतला पत्ता तसाच टंकून छापला तरी चालतो, कारण वाचकाने तो देवनागरीत लिहिला तरी लेख उघडतो. शिवाय विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचीच दुवे लहान करून देणारी सोय आहे, जिच्यामुळे अख्खा पत्ता पंधरावीस अक्षरांत मावतो. हे आधी कळले असते, तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

श्रेयाचा प्रश्न शब्दरचनेचा आहे, माहितीचा नाही, हेही उशिराच उमगले. किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ साली बिचिराज या रट्ट राजांच्या मंत्र्याने बांधवली, किंवा गांधीजी ज्याच्या अध्यक्षस्थानी होते ते काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ साली टिळकवाडीत भरले, या गोष्टी कोणाच्याही मालकीच्या नाहीत; त्या आपल्या वाक्यांत लिहिल्या की परवान्याचा संबंध उरत नाही. मी आळसाने वाक्येच उचलली होती. कन्नड विकिपीडियावरून एक परिच्छेद मराठीत आणला, तो स्वतःचा अनुवाद असल्यामुळे आपला झाला, असेही मी समजत होतो. अनुवाद हाही फेरफारच ठरतो. छायाचित्रांचा हिशेब आणखी वेगळा आहे, कारण प्रत्येक छायाचित्राचा परवाना स्वतंत्र असतो आणि छायाचित्रकाराने सांगितलेलेच नाव द्यावे लागते. एका छायाचित्रकाराचे सदस्यनाम इतके विचित्र होते की अध्यक्षांनी ते गाळण्याचा आग्रह धरला. मी ते ठेवले.

याउलट, संपूर्ण पुस्तिका मोकळी करावी लागेल, ही समितीची भीती निराधार निघाली. कार्यवाहांचे मनोगत आणि मागील पानावरची कुंद्याची जाहिरात हा स्वतंत्र मजकूर आहे. शेजारी छापल्यामुळे त्याला तो परवाना लागू होत नाही.

हा सगळा घोळ उघड झाला तो खानापूर तालुक्यातील एका शिक्षकांमुळे. मुलांसाठी आमची चार पाने छापायची म्हणून त्यांनी रीतसर परवानगी मागितली, जी त्यांना मागावीच लागू नये अशी खरी व्यवस्था होती. त्यांनी ती पाने आमच्या नावासह छापली आणि हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावर स्वतः लिहिलेले एक पान, तेही त्याच परवान्याखाली, जोडले. ते पान आता आमच्या दुसऱ्या आवृत्तीत येणार आहे. त्या आवृत्तीत परवान्याची ओळ छापूनच येईल, तरीही उरलेल्या ४० चिकटपट्ट्या खजिनदारांनी कपाटात जपून ठेवल्या आहेत.