“22 इंचाला 22 इंचाची चेन” असं सांगून मला 2700 रुपयांना फसवलं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या बागेत हापूसची अकरा कलमं मुळासकट आडवी झाली. माड-पोफळी वेगळ्याच. वीज कित्येक दिवस नव्हती, म्हणून पेट्रोलवरचं लाकूड कापायचं कटर मशीन घेतलं. अंगावर 58 सीसीचा स्टिकर, पुढे 22 इंची बार, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी. सोबतची चेन झिजेपर्यंत तक्रार नव्हती. फसलो ते दुसरी चेन घेताना.

दुकानदाराने एकच विचारलं, “बार किती इंची?” बावीस म्हटल्यावर पाकीट पुढे सरकवलं. याच मशीनची ना, म्हणून मी दोनदा विचारलं. “काका, 22 इंचाला 22 इंचाची. सगळ्यांना बसते.” 950 रुपये मोजले.

बसली खरी. पण काप सरळ उतरेना, एका अंगाला वळत जायचा. बार हात लावू नये इतका तापायचा. तिसऱ्या दिवशी चालू मशीनवर चेन उतरली आणि गड्याच्या पोटरीला घासून गेली. पँट फाटली, पाय वाचला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

परत गेलो तर दुकानदाराने चेनकडे पाहिलंसुद्धा नाही. “बार गेलाय, स्प्रॉकेट झिजलंय,” म्हणून बार आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, असे 1400 आणि 350 रुपयांचे दोन भाग गळ्यात मारले. तरी तेच. तेव्हा म्हणाला, “तुमचं इंजिनच कमी पडतंय, 70 सीसीचं घ्या.”

मशीन चिपळूणच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, लावला. बारची खाच 1.5 मिलिमीटरची, आणि चेनचे त्या खाचेत फिरणारे खालचे दाते 1.3 चे! दाते खाचेत लटपटत होते, म्हणून चेन कलायची आणि काप वाकडा जायचा. पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, 0.325 इंच बरोबर होती, दातेही 86 बरोबर, म्हणूनच ती बसली आणि मला कळलं नाही. पाकिटावरचा स्टिकर नखाने खरवडला, तर खाली छापील 0.050 इंच, म्हणजे 1.3 मिलिमीटर. वर चिकटवलेल्या कागदावर 0.058, म्हणजे 1.5 मिलिमीटर. नजरचूक म्हणून सोडून द्यावं असं हे नाही.

मग सीसीचा विषय निघाला. त्याने सिलिंडर उघडून मोजला: व्यास 45.2, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 34 मिलिमीटर. हिशेब येतो साडेचोपन्न सीसीचा. स्टिकरवर 58! एवढ्या इंजिनाला हापूसच्या वाळलेल्या खोडात 22 इंची बार जड जातो. त्याने 18 इंची बार आणि 72 दात्यांची, 0.325 पिचची, 1.5 मिलिमीटरची चेन लावली. तेच मशीन लोण्यासारखं कापू लागलं. मोठं इंजिन मला नकोच होतं.

तो सांगत होता ते मी वहीत लिहून घेतलं. 35-40 सीसीच्या मशीनला बहुतेक वेळा 3/8 इंच पिचची बुटकी, म्हणजे लो प्रोफाइल चेन असते, 14 ते 16 इंची बारवर. 45 ते 55 सीसीच्या आसपास 0.325. साठ-सत्तर सीसीच्या पुढे पूर्ण 3/8. खरा घोळ या दोन 3/8 मध्ये आहे. आमच्या शेजाऱ्याच्या 38 सीसी मशीनला “3/8 म्हणजे 3/8” म्हणून मोठी चेन दिली होती. ती काप रुंद घेते, छोटं इंजिन दमतं, आणि त्या स्प्रॉकेटवर ती नीट बसतही नाही. त्याचं स्प्रॉकेट महिन्याभरात गेलं.

चेन घेताना जुनी चेन सोबत न्या. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळते. खालच्या दात्याची जाडी व्हर्नियरने मोजा, दाते बोटाने मोजा. बहुतेक बारच्या बुडाशी हे आकडे कोरलेले असतात. चांगल्या चेनच्या दात्यांवरही खूण असते. माझ्या चेनवर एकही आकडा नव्हता, तिथेच मी थांबायला हवं होतं.

दुकानदाराकडे तिसऱ्यांदा गेलो, खरवडलेलं पाकीट घेऊन. त्याने बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, आणि तिच्यावर एवढंच लिहिलेलं: चेन 22.